मला फुलं नकोत, पाय लावा

मित्रांनो, बोलायला सुरुवात करण्याआधी माझ्या अंगावरची ही शाल जरा बाजूला सारा बघू. गेल्या रविवारी इथल्या महाराष्ट्र मंडळाने माझा सत्कार केला. शाल दिली, श्रीफळ दिलं, अध्यक्षांनी लांबलचक भाषण केलं. त्या भाषणात मी 'दोन संस्कृतींना जोडणारा पूल' झाले. मला वाजवणारी मुलगी तयार होऊन कोपऱ्यात बसली होती, पण भाषणांतच वेळ संपला आणि जेवणाची घाई सुरू झाली. नारळ दुसऱ्या दिवशी फुटला, शाल मात्र माझ्यावरच राहिली. वाद्य न वाजवता वाद्याचा सत्कार करणारी माणसं बघून हसावं की रडावं, तेच मला कळेना.

मी टेक्सासची एक म्हातारी पेडल स्टील गिटार. गिटार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गळ्यात अडकवायची गिटार येते. मी तशी नाही. मी अरुंद टेबलासारखी चार पायांवर उभी असते, तारा वरच्या बाजूला. वाजवणारा माझ्यासमोर स्टुलावर बसतो. डाव्या हातातली पोलादी दांडी तारांवरून सरकवतो आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतो. माझ्या पोटाखाली पेडल असतात, शिवणयंत्राला असतात ना, साधारण तसे. पायाने पेडल दाबला की एखादी तार आतल्या आत ताणली जाते आणि सूर हळूच वर चढतो. त्या चढण्यात माझा सगळा जीव आहे. नुसते हात लावले तर मी वाजते, पण बोलत नाही. एवढं लक्षात ठेवा, कारण माझं सगळं गाऱ्हाणं त्याच्यावरच आहे.

आता तुम्ही म्हणाल, टेक्सासची गिटार मराठी कुठे शिकली? एखादीला वर्षानुवर्षं डॅलसजवळच्या प्लेनोमधल्या एका दिवाणखान्यात गप्प बसवून ठेवा आणि तिच्यासमोर रोज चहा पीत गप्पा मारा. तीही शिकेल.

माझा जन्म डॅलसच्या बाहेर, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मेपलचं लाकूड, त्यावर गडद लाल रंग आणि आत सळया, स्प्रिंगा, कळा यांचं जंजाळ. मला घडवून घेतलं ऑर्व्हल नावाच्या माणसाने. दिवसा तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि शनिवारी संध्याकाळी गावच्या डान्स हॉलमध्ये वाजवायचा. जाडजूड, अबोल माणूस. त्याच्या हातांना कायम ग्रीसचा वास असायचा, म्हणून मला हात लावण्याआधी तो ते घासून घासून धुवायचा. पायात मात्र चिखलाचे बूट तसेच असायचे. वाजवून झालं की जुन्या गंजिफ्रॉकच्या फडक्याने तारा पुसायचा आणि पेडलच्या सांध्यांत तेलाचा थेंब सोडायचा. माझी अशी काळजी पुढे कोणी घेतली नाही.

त्या हॉलमध्ये गायची मेव्हिस टिलरी. कंट्री गाणं म्हणजे इकडचं गावाकडचं गाणं. मोडलेली लग्नं, लांबचे रस्ते, करपलेली शेतं, असा त्याचा सगळा माल. कापूस पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी चणीने एवढीशी, पण गायला उभी राहिली की नाचणारी जोडपी नाचता नाचता तिच्याकडे बघायची. ती हातवारे करायची नाही. पाय रोवून उभी राहायची आणि ओळ तालाच्या किंचित मागून म्हणायची, सांगावं की सांगू नये असा विचार करत असल्यासारखी. ओळ संपली की ती थांबायची. पुढच्या ओळीची घाई नाही, उगाच 'ओ बेबी' नाही. नुसती थांबायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून ऑर्व्हलकडे बघायची. त्या रिकाम्या जागेत मी उत्तर द्यायचे. ती म्हणायची, तो निघून गेला. ऑर्व्हल पेडल दाबायचा आणि मी सांगायचे, किती लांब गेला ते. माझं सगळं चांगलं आयुष्य मेव्हिसच्या दोन ओळींमधल्या त्या जागेत गेलं.

तिथेच भिंतीला टेकून एक तरुण डॉक्टर दर शनिवारी उभा असायचा. नाचायचा नाही, बिअरची बाटली हातात धरून नुसता ऐकत राहायचा. हे आमचे जगन्नाथकाका. नागपूरहून नुकतेच आलेले, गावच्या हॉस्पिटलात एकटे. माझा आवाज ऐकला की त्यांना रेडिओवरची सारंगी आठवायची, असं ते पुढे सगळ्यांना सांगत. त्यांचं लग्न झालं, सुमित्राकाकू सांगलीहून आल्या, मुलं झाली, मोठं घर झालं, काका नावाजलेले हृदयाचे सर्जन झाले. तरी शनिवार त्यांनी सोडला नाही.

मग वारं फिरलं. कंट्री गाण्यांत ढोल वाढले, दिवे वाढले, आणि मला कमी करायला सुरुवात झाली. नवे बँडवाले म्हणायचे, स्टीलचा आवाज हवाच असेल तर लॅपटॉपमध्ये आहे की. लॅपटॉप बरा पडतो. तो वेळेवर येतो, दारू पीत नाही आणि बसायला स्टूलही मागत नाही. मेव्हिसला रेडिओवाले विसरले. ऑर्व्हल थकला. काकांनीच त्याच्या हृदयाचं ऑपरेशन केलं आणि त्याला आणखी काही वर्षं मिळवून दिली. शेवटी तो गेला, तेव्हा बायकोला सांगून गेला, गिटार डॉकला, म्हणजे डॉक्टरला दे, न नाचता ऐकणारा तो एकच माणूस होता.

अशी मी प्लेनोला आले. मला वाटलं, चला, दर्दी माणसाच्या घरी पडले. मित्रांनो, दर्दी माणसांपासून सावध राहा.

पहिल्याच दिवशी सुमित्राकाकूंनी मला खिडकीजवळची, गणपतीशेजारची जागा दिली. कपाळावर, म्हणजे माझ्या लाकडावर, हळदकुंकू लावलं. दसऱ्याला मला हार घातला. काका समोर बसले, दांडी सरकवली, तारा छेडल्या आणि त्यांचा पाय पेडलकडे जाणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, वाद्याला पाय लावताय?"

काकांनी पाय मागे घेतला, मला हात लावला आणि तो हात स्वतःच्या छातीला लावला. झालं. त्या दिवसापासून माझे पेडल एका रेशमी फडक्याखाली गेले. काकूंचं चुकतंय असं कोणाला म्हणता येईना. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायचा, तबल्याला लागला तर करायचा, हे तुम्हीही शिकलाच असाल. ती शिकवण चांगली आहे. पण ज्याचा गळाच पायांशी आहे त्याने काय करायचं? काका हातांनी वाजवत राहिले. माझा सूर सपाट, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर धपकन पडणारा. येणारे पाहुणे वा वा करायचे आणि मी आतल्या आत चडफडायचे. भल्याभल्यांच्या छात्या उघडणारे हे सर्जन, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची त्यांची हिंमत झाली नाही.

मग सई आली. ही काकूंच्या मैत्रिणीची नात. जवळच्या विद्यापीठात एमएस करायला आली आणि वरच्या खोलीत राहू लागली. घरी लहानपणी पेटी शिकलेली. तिने पहिल्याच आठवड्यात फडकं उचलून माझे पेडल बघितले आणि फोनवर व्हिडिओ लावून ते कशासाठी असतात हे समजून घेतलं. त्यानंतर काकू मंडळाच्या मीटिंगला गेल्या की ती माझ्यासमोर बसायची. अनवाणी, हळूच, चोरासारखा पाय ठेवायची. इतक्या वर्षांनी माझा सूर पहिल्यांदा वर चढला, तेव्हा मी करकरले. सांधे आखडले होते. तिने शिवणयंत्राचं तेल आणून घातलं.

त्याच सुमारास मेव्हिस काकांकडे येऊ लागली. ऑर्व्हलनंतर तिला बोलायला माणूस उरलं नव्हतं. आता ती ऐंशीला टेकली होती आणि तिच्या फुप्फुसांनी दम सोडला होता. जिना चढली की बराच वेळ बोलायची नाही. काकू तिला पोहे द्यायच्या, ती काकूंना 'हनी' म्हणायची. ती बोलायची टेक्सासच्या इंग्रजीत, मी तुम्हाला माझ्या मराठीत सांगते.

माझ्या गळ्यातला हार बघून ती एकदा म्हणाली, "सुंदर आहे. पण ही मेली की काय, असं वाटतं."

काकू चपापल्या. म्हणाल्या, "मान म्हणून घातलाय."

"हल्ली मलाही फार फुलं येतात," मेव्हिस म्हणाली. "प्रत्येक वेळी मी आधी माझी नाडी बघते."

काका मोठ्याने हसले. काकू हसल्या नाहीत.

मग मेव्हिसने मनातलं सांगितलं. तिला डान्स हॉलमध्ये शेवटचा एक कार्यक्रम करायचा होता. गाणी बाकीचे गातील, तिला फक्त एकच गाणं गायचं होतं, आणि ते माझ्याबरोबर. "त्यानंतर माझ्याने होणार नाही, डॉक. तुम्हाला माहीत आहे." काकांना माहीत होतं. मलाही त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. एकच गाणं उरलं होतं आणि माझे पेडल फडक्याखाली होते.

सईचा आणि तिचा सराव दुपारी सुरू झाला. मेव्हिस सोफ्यावर बसून ओळ गुणगुणायची, सई उत्तर द्यायची. सई हुशार, पण उत्साही. जागा मिळाली की दहा सूर कोंबायची. मेव्हिस म्हणायची, "पोरी, तुला प्रश्नाचं उत्तर विचारलंय, निबंध नाही." सई हसायची आणि पुन्हा वाजवायची. कमी, आणखी कमी. हळूहळू ती थांबायला शिकत होती, आणि मला वाटू लागलं होतं की जमेल.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एका दुपारी मेव्हिस गेल्यानंतरही सई सराव करत बसली, आणि काकू मीटिंगहून लवकर परत आल्या.

"सई, पाय काढ."

सईने पाय काढला. "काकू, तिचं डिझाइनच तसं आहे. पेडल प्रेस केल्याशिवाय नोट बेंडच होत नाही."

"नाही झाली तर चालेल. पूजा केली आपण तिची, कुंकू आहे तिच्या कपाळावर. आणि तू तिला लाथा मारतेस?"

"लाथा नाही मारत काकू. हळूच दाबते."

काका आतून आले. बायकोशी वाद घालायची त्यांना सवय नव्हती, पण त्या दिवशी धीर करून म्हणाले, "सुमित्रा, तुझे अण्णा नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. भाता काय हाताने मारायचे?"

मी मनात म्हटलं, शाबास. संगीत नाटकातला ऑर्गन पायाने भाता मारूनच वाजतो, हे काकूंइतकं कोणाला माहीत असणार? त्यांचं सगळं बालपण त्या ऑर्गनशेजारी गेलं होतं. पण काकूंचा चेहरा एकदम बदलला.

"अण्णांचं नाव मधे आणू नका," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

सई परक्या घरात राहणारी मुलगी. तिने पुन्हा पाय लावणार नाही असं कबूल केलं आणि तो शब्द पाळला; मेव्हिसला परीक्षेचं कारण सांगून सराव थांबवला. माणसं शब्द पाळतात तेव्हा कौतुक होतं. मला मात्र त्या आठवड्यात सईचा फार राग आला होता.

पुढचं विघ्न हॅट घालून आलं. कोल्टन नावाचा तरुण गायक. आता मी नावं ठेवणार आहे, म्हणून आधीच सांगते, पोरगा मनाने चांगला आहे. लाखो लोक त्याला ऐकतात. मेव्हिसला तो गुरू मानतो, प्रत्येक मुलाखतीत तिचं नाव घेतो. तिच्यासारखं झालरीचं जाकीट घालतो, तिच्यासारखा गळ्यात हुंदका आणतो. असे पाच-सहा जण आहेत, मुली आणि मुलगे. सगळ्यांनी मेव्हिसचं सगळं उचललं आहे, फक्त थांबणं उचललेलं नाही. ओळ संपली रे संपली की हे 'येऽऽ', 'ओऽऽ' करून ती जागा भरून टाकतात. रिकामं ताट दिसलं की वाढणाऱ्या यजमानिणीसारखे.

मेव्हिसच्या निरोपाचा कार्यक्रम या मंडळींनीच ठरवला. कोल्टन काकांकडे आला, माझ्यासमोर हॅट काढून उभा राहिला. त्याचे डोळे खरोखर ओले झाले होते. म्हणाला, ऑर्व्हलची गिटार आम्हाला स्टेजवर ठेवायची आहे, मधोमध, वर ऑर्व्हलची हॅट, भोवती फुलं. स्टीलचा आवाज लॅपटॉपवर तयार आहे.

"आणि ही कोण वाजवणार?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही, सर. तिला हात लावायची आमची कोणाची लायकी नाही."

मला वाटलं, सुमित्राकाकूच हॅट घालून बोलताहेत. काकूंना तर इतकं बरं वाटलं की त्यांनी त्याला डब्यात चिवडा भरून दिला. तो गेल्यावर म्हणाल्या, "बघा, त्यांच्यातही कळतं मान कसा द्यायचा." काकांनी पेपर उघडला. सई जिन्यात उभी होती, ती वर निघून गेली. मी तर काय, मुकीच.

कार्यक्रमाच्या दिवशी मला व्हॅनमधून डान्स हॉलमध्ये नेलं. लाकडी जमीन तीच होती, भिंतीही त्याच. मला स्टेजच्या मध्यावर उभं केलं, दोरी बांधली, पायथ्याशी फुलं रचली. दुपारी मेव्हिस आवाजाची तयारी बघायला आली. माझ्याकडे आणि दोरीकडे बघत तिने विचारलं, "हिची वायर कुठे आहे?"

"ही फक्त मांडून ठेवायची आहे, मॅम."

"तरी जोड."

तंत्रज्ञाने खांदे उडवले आणि वायर जोडली. वाजवणारं कोणीच नव्हतं, पण मी जिवंत झाले. तारांमधून बारीक गुणगुण सुरू झाली.

संध्याकाळी हॉल भरला. काका, काकू आणि सई पुढच्याच ओळीत बसले होते. सईने या कार्यक्रमासाठी हौसेने नवे काउबॉय बूट घेतले होते. एकामागून एक तरुण मंडळी आली, मेव्हिसची गाणी गायली, तिच्याबद्दल छान छान बोलली. लॅपटॉपमधून माझा आवाज येत होता. माझा म्हणजे माझ्या जातीचा, कुठल्यातरी खोलीत एकदा भरून ठेवलेला. आणि मी तिथेच, फुलांत, हॅट घालून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. जिवंतपणी स्वतःच्या श्राद्धाला हजर राहायचा प्रसंग तुमच्यावर कधी न येवो.

शेवटी मेव्हिस आली. तिने लॅपटॉप बंद करायला सांगितला. एक साधी गिटार आणि एक खर्जातली बास गिटार, एवढंच. पाय रोवले, डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. आवाज झिजला होता, पण ओळ अजून तालाच्या मागूनच येत होती. ओळ संपली आणि ती थांबली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रेमानेच वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हातारीला दम लागला, धीर द्यावा. तिने दुसरी ओळ म्हटली, थांबली. पुन्हा टाळ्या, या वेळी उभं राहून. माझी जागा टाळ्यांनी भरून गेली होती. मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं.

मेव्हिसने हात वर केला. "बसा," ती म्हणाली. "माझी ओळ संपलेली नाही. अर्धी तिच्याकडे आहे." आणि तिने माझ्याकडे बोट केलं.

हॉल शांत झाला. कोल्टन स्टेजच्या कडेला गोंधळून उभा राहिला. काका मान खाली घालून बसले. मेव्हिस तशीच उभी राहिली, मायक्रोफोनचा दांडा धरून, श्वास मोजत. ती पुढची ओळ म्हणेना. मला दिसत होतं की ती फार वेळ उभी राहू शकणार नाही.

तेवढ्यात सुमित्राकाकू सईकडे वाकल्या आणि काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते मला परतताना व्हॅनमध्ये कळलं, सगळे त्यावरच बोलत होते म्हणून. नाटक कंपनी बंद पडल्यावर अण्णांचा ऑर्गन काकूंच्या घरी आणला होता. अण्णा गेल्यावर घरच्यांनी त्याच्यावर छान कशिद्याचं कापड घातलं. मुलांना हात लावायची बंदी. रोज उदबत्ती. पुढे काकूंच्या लग्नात मंगलाष्टकांना वाजवावा म्हणून तो उघडला, तेव्हा भात्याचं कातडं तडकून फाटलेलं होतं. आतून नुसती हवा निघाली, सूर एकही नाही. एवढं सईला सांगून काकू म्हणाल्या होत्या, "बूट काढ आणि जा."

सईने बूट काढले, मोजे काढले. अनवाणी स्टेजवर चढली, दोरी ओलांडली, फुलं बाजूला सारली. ऑर्व्हलची हॅट तिने कोल्टनच्या हातात दिली, कारण दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती. स्टूल कोणीतरी मागून पुढे केलं. ती बसली. तिने माझ्यावर ठेवलेली दांडी उचलली आणि नख्या बोटांत घातल्या.

मेव्हिसने ओळ पुन्हा म्हटली आणि थांबली.

सईने पेडल दाबला. आधी करकर झाली, शांत हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेली. मेव्हिस हसली. "घसा साफ करतेय," ती म्हणाली. मग सूर चढला. दुसऱ्या ओळीनंतर सई घाबरली आणि तिने नको तेवढे सूर घातले. मेव्हिसने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. तिसऱ्या ओळीनंतर सईने एकच सूर धरला आणि वर जाऊ दिला.

तेव्हा माझ्या एक गोष्ट ध्यानात आली, जी दुपारच्या सरावात आली नव्हती. पूर्वी मेव्हिस माझ्यासाठी जागा सोडायची. आता त्या जागेत तिला श्वास गोळा करायचा होता, आणि प्रत्येक ओळीनंतर तिला आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता. लॅपटॉप तिच्यासाठी थांबला नसता. त्याचं गाणं ठरलेल्या वेळेला पुढे गेलं असतं, ती येवो न येवो. सई थांबत होती. सूर धरून, पाय न उचलता, मेव्हिसची छाती भरून येईपर्यंत. बासवालाही तिच्याकडे बघून संथ झाला. मी आयुष्यात इतका लांब सूर कधी धरला नव्हता.

शेवटच्या कडव्याला कोल्टन न राहवून पुढे आला आणि तिच्याबरोबर गाऊ लागला. चांगला गायला. ओळ संपताच त्याने सवयीने 'ओऽऽ' सुरू केलं. मेव्हिसने न बघता त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो थांबला. आणि त्या पोराने, मला वाटतं, पहिल्यांदाच मला ऐकलं. तिची माझी गाणी त्याला पाठ होती, पण मी काय म्हणते हे ऐकायला त्याच्याकडे वेळच नव्हता. पुढच्या ओळीला त्याने तोंड मिटून ठेवलं, ऑर्व्हलची हॅट छातीशी धरून.

गाणं संपल्यावर मेव्हिस स्टुलावर, सईशेजारीच टेकली. तरुण मंडळी माझ्याभोवती जमली. कोल्टनने माझ्या लाकडावरून हात फिरवला, दर्ग्यावर किंवा समाधीवर फिरवतात तसा. म्हणाला, केवढं भाग्य.

"कुरवाळू नकोस तिला, पोरा," मेव्हिस धापा टाकत म्हणाली. "माझ्या गाण्यातून काही घ्यायचंच असेल तर गप्प कधी बसायचं तेवढं घे."

त्यानंतर मेव्हिस स्टेजवर गायली नाही. काकांकडे येते, अर्धी ओळ गुणगुणते आणि उरलेली माझ्याकडे सोडते. कोल्टनचं नवं गाणं आलं आहे. त्यात स्टील अजून लॅपटॉपचीच आहे, पण एका ठिकाणी ओळ संपल्यावर थोडा वेळ काहीच नाही. त्याच्या चाहत्यांना वाटलं, रेकॉर्डिंग बिघडलं. मला मात्र ती शांतता कोणाकडून आली ते माहीत आहे. सई उन्हाळ्यात शिकागोला नोकरीला निघाली आहे. काकू सगळ्यांना विचारत फिरतात की कोणाच्या मुलांना शिकायचं आहे का. मुलं येतात, माझा फोटो काढतात आणि जातात.

म्हणून मित्रांनो, तुम्हालाच सांगते. तुमच्या घरात एखादं जुनं वाद्य असेल, किंवा एखादं जुनं माणूस, तर त्याला हार घालायची घाई करू नका. ज्या कामासाठी ते घडलं, त्या कामाला त्याला लावा. सांध्यांत तेल घाला. पाय लावायचा असेल तर धुऊन लावा, पण लावा. त्याच्यासमोर बसा, त्याला अजून काय म्हणायचं आहे ते विचारा, आणि विचारून झालं की गप्प बसा.